आधी खरारा

चोपन्नाव्या वर्षी मी माथेरानला एका वृद्ध घोडेवाल्यांकडे चार दिवस मुक्काम करून घोडेस्वारी शिकलो. मोटारींना तेथे बंदी, म्हणून तांबड्या मातीच्या वाटा घोड्यांच्या. पहिले दोन दिवस त्यांनी मला रिकिबीत पायच ठेवू दिला नाही. “फादर, आधी खरारा करा, चंदी घाला.” मी वाकून खुरांतले खडे काढीत असे. मागून जाताना बोलत जायचे, कारण घोड्याला थेट पाठीमागचे दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी स्वार झालो आणि भीतीने लगाम घट्ट खेचला. घोडा मागे सरकू लागला.

“हात सैल सोडा, त्याचं तोंड दुखतंय!”

धर्मग्राम परिषदेची मागची बैठक आठवली. तीत मी तरुणांना बोलूच दिले नव्हते. हात सैल केला. घोडा शार्लोट तलावापर्यंत मुकाट चालला. परतताना मात्र मी पुन्हा दोनदा लगाम खेचलाच.