बुजिब्बातले चौऱ्याऐंशी दिवस

धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता माल्टाला जाऊन आलो, हे वस्तीत कळल्यापासून जो तो विचारतो, "दादा, परदेश कसा आहे?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावे म्हणून हा खटाटोप. पहिल्यांदाच सांगतो, आम्ही सहलीला गेलो नव्हतो. बहीण तिथे वृद्धाश्रमात परिचारिका आहे, तिचे यजमान बस चालवतात. आमची आई आता राहिली नाही आणि तिच्या सासूबाईंचे गुडघे चालत नाहीत. तेव्हा वहिनीनेच जायचे ठरले, आणि वहिनी एकटी विमानात बसायला तयार होईना. आम्ही कचेरीत अर्जित रजेचा अर्ज टाकला. माल्टा कोणत्या तालुक्यात येते, असे साहेबांनी विचारले. ते थट्टेने की खरेच, हे आम्हाला अजून कळलेले नाही.

माल्टा हा भूमध्य समुद्रातला, इटलीच्या सिसिली बेटाच्या दक्षिणेचा देश आहे. सारी बेटे मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईच्या जेमतेम निम्मा. आम्ही राहिलो ते बुजिब्बा हे सेंट पॉल्स बे भागातले समुद्राकाठचे गाव. उन्हाळ्यात तिथे पर्यटकांची जत्रा असते. आम्ही पोहोचलो १४ ऑक्टोबर २०२४ ला, तेव्हा जत्रा पांगत आली होती. व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. आम्ही तिकिटे ८४ दिवसांची काढली आणि सहा दिवस अडीनडीला शिल्लक ठेवले. कारकुनाचा स्वभाव, दुसरे काय!

परक्या गावात मन रमण्याआधी हात रमावे लागतात. आपली गोल पायांची पिन तिथल्या भिंतीत बसेना. इंग्रजांचे राज्य होते म्हणून तिथे चौकोनी पायांची पिन चालते. त्याच इंग्रजांमुळे गाड्या मात्र आपल्यासारख्या डाव्या बाजूने धावतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागला नाही. नळाचे पाणी चवीला निराळे लागले. देशात एकही मोठी नदी नाही. नळाला येणाऱ्या पाण्यातला निम्म्याहून अधिक भाग समुद्राचे खारे पाणी यंत्राने गोडे करून मिळवलेला असतो. लोक पिण्यासाठी बहुधा बाटल्या विकत आणतात, आणि प्रत्येक बाटलीमागे दहा सेंट अनामत द्यावी लागते. रिकामी बाटली यंत्रात घातली की ती परत मिळते. हे कळल्यावर आमच्या सौ.नी घरातली एक बाटली वाया जाऊ दिली नाही.

कचऱ्याने मात्र आमची फजिती केली. ओला कचरा पांढऱ्या पिशवीत, उरलासुरला काळ्या पिशवीत, पुन्हा वापरता येण्याजोगा तिसऱ्या, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. दुसऱ्याच दिवशी आम्ही भलत्या वारी भलती पिशवी दाराबाहेर ठेवली आणि संध्याकाळी ती तशीच परत आत आणावी लागली. मग बहिणीने वारांचा कागद फ्रिजवर चिकटवला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरकारी रुग्णालयात भाची जन्मली. पगारातून दर आठवड्याला सामाजिक सुरक्षेची वर्गणी कापली जाते, त्यामुळे बाळंतपणाचा खर्च आला नाही. बाळंतपणाची रजा अठरा आठवड्यांची, त्यातले चौदा पूर्ण पगारी. आई-बाप दोघेही नोकरीत असतील तर बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर पाळणाघर सरकारी खर्चाने. हे सारे ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "मग मला कशाला बोलावलेत?" पण पहिले सहा आठवडे अंगाला तेल कोण लावणार, अळिवाची खीर कोण करणार, आणि रात्री दोन वाजता, बाप पहाटेच्या बसवर जायचा म्हणून झोपलेला असताना, बाळाला खांद्यावर कोण घेणार? त्याची तरतूद कोणत्याच सरकारकडे नाही.

थंडी तिथे फारशी नाही, पण ओल फार. पिवळसर चुनखडीच्या दगडाच्या भिंती, समुद्राची हवा, त्यात पाऊस. लंगोट वाळेनात. हवेतले पाणी ओढून घेणारे एक यंत्र तिथे बऱ्याच घरांत असते. ते रात्रभर चालवले की सकाळी डबा भरून पाणी निघे. सौ. त्या पाण्याने फरशी पुसत.

आता बोंबलाची गोष्ट सांगायलाच हवी. आम्ही गावाकडून सुके बोंबील नेले होते. एका दुपारी बहिणीला वास अनावर झाला म्हणून सौ.नी चार बोंबील तव्यावर भाजले. पाच मिनिटांत दारावर थाप. आमच्या काळजात धस्स झाले. आपल्या शहरात भाड्याची खोली बघताना 'तुम्ही घरात काय शिजवता?' हा प्रश्न आम्ही किती वेळा ऐकला आहे, आणि त्या प्रश्नामागचा खरा प्रश्न कोणता हेही वाचकांना सांगायला नको. त्याच्यापायी दोनदा ठरलेली खोली हातची गेली. दार उघडले तर शेजारच्या म्हाताऱ्या बाई उभ्या. तिथे आजीला 'नन्ना' म्हणतात, आम्हीही त्यांना नन्नाच म्हणत होतो. इंग्रजीत म्हणाल्या, "कोणता मासा आहे हा?" आम्ही चाचरत सांगितले. त्या आत आल्या, एक तुकडा उचलला, चावला, डोळ्यांत पाणी आले (तिखटाने), आणि आपल्या आईच्या घरी उपासाच्या दिवसांत सुक्या खारवलेल्या माशाचे कालवण होत असे, ते त्यांनी बसल्या बसल्या सांगितले. दुसऱ्या दिवशी वाटीभर कालवण घेऊन हजर! त्या दिवसापासून ते घर आम्हाला घर वाटू लागले.

नन्नांकडूनच आम्हाला तो देश कळला. मासेमार समुद्रात ताडाच्या जातीच्या झाडाच्या झावळ्या तरंगत सोडतात, त्यांच्या सावलीला लांपुकी नावाचे मासे जमतात, मग जाळे टाकायचे. त्यांची भाषा अरबीतून निघालेली, पण लिपी रोमन. जगाला त्या 'दिन्या' म्हणत, पुस्तकाला 'क्तिएब', मरणाला 'मेउत'. आम्ही दुनिया, किताब, मौत म्हणून दाखवले तेव्हा त्या टाळ्या पिटून हसल्या.

त्यांचे दोन थोरले भाऊ जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेले ते कायमचेच. महायुद्धानंतर माल्टात पोटाला काम नव्हते, सरकारच भाड्याला मदत करून माणसे बाहेर धाडत होते. १९५४ या एका वर्षात अकरा हजारांवर लोक देश सोडून गेले. आज उलटे झाले आहे. २०२१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार वस्तीत पाचातला एकाहून अधिक माणूस परदेशी निघाला. बस चालवणारा, भांडी घासणारा, म्हाताऱ्यांची अंथरुणे बदलणारा, विटा वाहणारा, बहुतेक परका. काही माल्टी माणसे याबद्दल कुरकुर करतात, बसमध्ये कधी कधी ऐकू येते. नन्ना मात्र म्हणत, "माझ्या भावांबद्दलही तिकडे असेच बोलत होते."

एका रविवारी बसने राजधानी व्हॅलेटाला गेलो. दगडी बालेकिल्ला, उंच चढ-उतारांच्या गल्ल्या, सुरेख लाकडी सज्जे. १५६५ चा वेढा उठल्यावर ख्रिस्ती सरदारांच्या एका संघाने हे शहर वसवले. समुद्रावर धरलेले गुलाम त्यांच्या गलबतांची वल्ही मारत, आणि शहरात गुलामांसाठी वेगळा तुरुंग होता. नेपोलियनने १७९८ मध्ये ती गुलामगिरी बंद केली. आम्ही किल्ल्यापेक्षा त्या तुरुंगाचाच विचार करत परतलो. असो.

आमचे बी.कॉम. मात्र तिथे कामी आले. खालच्या मजल्यावर एका खोलीत पाच जण राहत. त्यांतला एक नेपाळचा मुलगा हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होता. डिसेंबरात तो पगाराची चिठ्ठी घेऊन आला, हिंदीत म्हणाला, "अंकल, जरा देखो." कायद्याने तिथे पूर्णवेळ कामगाराला पगाराखेरीज वर्षातून चारदा ठराविक रक्कम मिळते : जून आणि डिसेंबरात १३५ युरो १० सेंट, मार्च आणि सप्टेंबरात १२१ युरो १६ सेंट. त्याच्या वर्षभराच्या चिठ्ठ्यांत यातले काहीच नव्हते. आम्ही दोन रात्री बसून तक्ता केला, जादा तासही मोजले, आणि कामगार खात्याला द्यायचा अर्ज लिहून दिला. त्याने तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "अभी नहीं, अंकल." त्याचा राहण्याचा परवाना त्याच मालकाच्या नावावर. नोकरी गेली तर मोजक्या दिवसांत दुसरी मिळवायची, नाहीतर देश सोडायचा. आणि डोक्यावर एजंटाला दिलेल्या पैशांचे कर्ज. आम्ही इथे मोर्चे काढले, कचेऱ्यांत निवेदने दिली, पण त्या मुलाला 'दे अर्ज' असे छातीठोकपणे म्हणण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. आमचे परतीचे तिकीट आमच्या खिशात होते.

आमच्या मेहुण्यांचाही परवाना तसाच, दर खेपेला नव्याने करायचा. भाची माल्टात जन्मली, तरी माल्टाची नाही. १९८९ च्या ऑगस्टपासून तिथे नुसत्या जन्मावर नागरिकत्व मिळत नाही, आई किंवा बाप माल्टाचा लागतो. तिच्या पासपोर्टसाठी आपल्याच उच्चायुक्तालयात कागद घेऊन गेलो. फोटोत तिचे डोळे उघडेनात, चार वेळा फोटो काढावा लागला. रात्री बहीण आणि मेहुणे वहीत हिशेब मांडत बसत : कर्ज फिटायला अजून दोन वर्षे, मग राहायचे की मुलीला घेऊन परतायचे. दोघांचे उत्तर रोज वेगळे निघे. आमचा सल्ला विचारला तेव्हा आम्ही वहीतली बेरीज तेवढी तपासून दिली.

५ जानेवारीला निघालो. उरलेले बोंबील सौ.नी नन्नांना दिले. त्यांनी ते जुन्या बिस्किटांच्या डब्यात ठेवले आणि डब्यावर तारीख लिहिली. मागच्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. भाची पाळणाघरात रुळली आहे. नेपाळच्या मुलाला दुसऱ्या हॉटेलात काम मिळाले, नवा परवाना हाती आल्यावर त्याने तो अर्ज अखेर दिला. पैसे अजून आलेले नाहीत. आणि नन्नांनी विचारले आहे, डबा रिकामा झाला, पुढचा माणूस इकडून कधी येणार?