लोअर परळचं मेन्यूकार्ड

शुक्रवारी रात्री नऊ वाजता, बुकिंग नसताना लोअर परळमध्ये चौघांचं टेबल मिळवून दाखवा. मिळालं, तर बिल माझ्याकडून! गेली पाच वर्षं मी रेस्टॉरंट्सवर लिहितेय आणि त्यातल्या कितीतरी संध्याकाळी 'मॅम, पाचच मिनिटं' हे वाक्य ऐकण्यात गेल्यात.

बाकी जॉब सॉलिड आहे. खायचं, लिहायचं, स्टार द्यायचे. मास कॉमच्या बॅचमधले निम्मे मित्र माझ्यावर जळतात. फक्त आजोबा इम्प्रेस होत नाहीत. मागच्या महिन्यात त्यांनी विचारलं, "काल कुठं जेवलीस?" मी कंपाऊंडचं नाव सांगितलं. म्हणाले, "तिथं? अगं, तिथं आमचं साचेखातं होतं."

आजोबा साताऱ्याकडून आले आणि गिरणीत लागले, एवढं मला माहीत होतं. आजी गावीच होती, हेही माहीत होतं. पण मग इतकी वर्षं हा माणूस जेवला कुठे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आणि म्हणे मी फूड रायटर!

"कुठं म्हणजे? खानावळीत," आजोबा म्हणाले.

भोंग्यापासून बीट्सपर्यंत

आधी थोडा फ्लॅशबॅक. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, नेते दत्ता सामंत. संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, पण भोंगे मात्र एकेक करून गप्प झाले. मग १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींना वाट करून दिली. फिनिक्स मिलचा मॉल झाला. बाकीच्या कंपाऊंडमध्ये ऑफिसं आली, ऑफिसांमागून भुकेले आणि पगारवाले लोक आले, म्हणजे तुम्ही-आम्ही.

२००७मध्ये मथुरादास मिलच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' सुरू झालं. लाइव्ह म्युझिक ऐकत जेवायचं, हा मुंबईकरांसाठी भन्नाट प्रकार होता. २०१६मध्ये ते बंदही झालं. तोवर वाऱ्याची दिशा बदलली होती. २०१५मध्ये कमला मिलमध्ये 'द बॉम्बे कँटीन' उघडलं. मूळचे मुंबईचे आणि न्यूयॉर्क गाजवलेले शेफ फ्लॉइड कार्डोझ त्यामागे होते. मार्च २०२०मध्ये कोविडने ते गेले, पण त्यांच्या टीमने आपलेच पदार्थ, आपल्याच भाज्या झोकात मांडता येतात हे दाखवून दिलं होतं. आधी मेन्यूवर इटली आणि जपान असायचे, आता कोकण आणि कोल्हापूर असतात. मी स्वतः एका ठिकाणी काचेच्या इवल्याशा ग्लासातल्या तांबड्या रश्श्याला चार स्टार दिलेत. आजोबांना सांगितलं नाही, एवढंच.

या चकचकाटाला एक काळी बाजूही आहे. २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलमधल्या रूफटॉपवर आग लागली आणि १४ जण गेले. तेव्हा मी कॉलेजात होते. आजही कुठल्याही नव्या जागी गेले, की मेन्यू उघडायच्या आधी बाहेर पडायचं दार कुठे आहे ते बघते. रिव्ह्यूमध्ये त्याला स्टार नसतात, पण तुम्हीही बघत जा.

रस्ता ओलांडल्यावर

आजोबांची खानावळ डोक्यात बसली होती. एका रेस्टॉरंटमध्ये ओळखीच्या झालेल्या वेटरला सहज विचारलं, "सुट्टीच्या दिवशी तू जेवतोस कुठे?" पोरगा उत्तराखंडचा. चक्क मराठीत म्हणाला, "मावशीकडे."

मावशीकडे म्हणजे कंपाऊंडच्या गेटातून बाहेर पडून, डिलाईल रोडच्या बाजूच्या एका जुन्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. चालत जेमतेम सात मिनिटं. दहा बाय बाराची खोली, भिंतीला लावलेलं बाकडं, एका वेळी सहा जण. दोन भाज्या, आमटी, भात, चपात्या. बुधवारी आणि रविवारी मासळी, बहुतेक वेळा बांगडा. जेवून झालं की आपलं ताट आपणच धुऊन पालथं घालायचं. दोन वेळचे महिन्याचे साडेचार हजार. आदल्या आठवड्यात आम्ही दोघींनी समोरच्या कंपाऊंडमध्ये एका जेवणाचं बिल दिलं होतं चार हजार आठशे.

बाकड्यावर त्या दिवशी दोन वेटर होते, एक वॉचमन होता, एक आर्टिकलशिप करणारा लातूरचा मुलगा होता आणि एक गळ्यात आयकार्ड घातलेला बँकेच्या बॅक ऑफिसातला. आजोबांच्या वेळी साताऱ्याचे आणि मालवणचे असायचे. आता अल्मोड्याचे आणि लातूरचे. एकटं येऊन राहणं मात्र तेच.

ही खानावळ मावशींच्या सासूबाईंची. गिरण्या चालू होत्या तेव्हा पंचवीसेक जण जेवायला असायचे. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मग संप आला. कामगारांचा पगार बंद, म्हणजे खानावळीचे पैसेही बंद. "सासूबाईंनी ताटं मात्र बंद केली नाहीत," मावशी म्हणाल्या. "वाण्याची उधारी फेडायला सहा वर्षं लागली. काही जण गावी गेले ते गेलेच. एकाने मात्र दहा वर्षांनी येऊन सगळे पैसे टेबलावर ठेवले."

मी वहीत काहीतरी खरडत होते. मावशींनी विचारलं, "तू हॉटेलांना मार्क देतेस ना? मग आमच्या आमटीला किती?"

बाकड्यावरचे सगळे जेवायचे थांबले. खरं सांगायचं तर आमटी पातळ होती. मी तसंच सांगून टाकलं.

"वीस तारीख उलटून गेली, बाई," मावशी हसून म्हणाल्या. "एक तारखेला ये, मग बघ आमटी!"

खाडा

मावशींकडे एक लांबट वही आहे. प्रत्येकाच्या नावापुढे तारखा आणि जेवला नाही त्या दिवशी फुली. याला म्हणतात खाडा. कळवून खाडा केला तर महिनाअखेर पैसे वजा होतात. न कळवता केला तर मावशी दुसऱ्या पोराकरवी निरोप पाठवतात. मागच्या पावसाळ्यात अशाच दोन फुल्यांमुळे लातूरच्या मुलाचा डेंगी कळला. तो खोलीत एकटाच तापाने पडला होता.

आता चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीय. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हापासून इकडे सगळ्यांचे डोळे तिकडे लागलेत. मावशींनाही नवं घर हवंच आहे. का नको? घरातला संडास, चोवीस तास पाणी, गुडघ्यांना लिफ्ट. मी उगाच चाळीचे गोडवे गाणार नाही. मला तिथे दोन तास पंख्याखालीही घाम फुटला होता.

पण पहिला प्रश्न, टॉवर उभा राहीपर्यंत भाड्याने कुठे राहायचं? आणि त्यानंतर चौदाव्या मजल्यावर रोज दोनदा वीस पोरं लिफ्टने आणायची, तर सोसायटी चालू देईल? कोणीतरी मावशींना सुचवलं, ॲपवर रजिस्टर करा, लायसन काढा, डबे पाठवा, घरबसल्या धंदा. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. कमिशनचा हिशेबही विचारला. मग म्हणाल्या, "त्यात खाडा कसा धरतात?"

समजावणाऱ्याला प्रश्नच कळला नाही. मलाही कळायला घरी पोहोचेपर्यंत वेळ लागला.

मी आठवडाभर मावशींकडे जेवले, रीतसर पैसे देऊन. मग एका नव्या रेस्टॉरंटच्या ओपनिंगच्या गडबडीत दोन दिवस गेलेच नाही. पहिल्या दिवशी फूड ॲपचा मेसेज आला, 'तुमची आठवण येतेय!' आणि खाली वीस टक्क्यांचं कूपन. दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला. "दोन खाडे झाले. बरी आहेस ना?"

आजोबांना हे सांगितलं तर त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "मग? विचारणारच की," एवढंच म्हणाले. नंतर थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, आमटी कशी असते तिथली.

एक तारखेला त्यांना घेऊन जातेय. जिना चढायला वेळ लागेल, म्हणून लवकर निघणार आहोत.

तुम्हालाही जायचंय?
मावशींचा पत्ता छापणार नाही, बाकड्यावर जागा सहाच आहेत. पण तुमचं ऑफिस परळ, लालबाग किंवा करी रोडच्या आसपास असेल, तर बिल्डिंगच्या वॉचमनला विचारा, तो कुठे जेवतो. पहिल्या दिवशी पैसे आगाऊ द्या, ताट स्वतः धुवा आणि येणार नसाल तर कळवा.