बाळसे

मराठी घरात 'बाळसे' हा शब्द मोठा लाडका. मूल बाळसे धरू लागले की आजीचा जीव भांड्यात पडतो. जन्मतः दोन-सव्वादोन किलोचे मूल आठव्या वर्षी चांगले भरलेले दिसले, तर त्यात कोणास वावगे वाटत नाही. उलट आईच्या हाताची वाखाणणी होते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी या बाळशाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. तेथेच जन्मलेल्या मुलांची जन्मवजने नोंदलेली होती. त्यांपैकी ४७७ मुलांची आठव्या वर्षी तपासणी झाली आणि १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जी जन्मतः हलकी होती व पुढे अंगाने भरली, त्यांच्यात शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची लक्षणे व अपायकारक कोलेस्टेरॉल सर्वांत अधिक आढळले. हा रोग नव्हे. मधुमेह व हृदयविकार यांची ती दूरची पाऊलवाट आहे. गर्भात पोषण तोकडे पडले की स्नायू कमी भरतात, चरबी मात्र राखली जाते. अशा देहास पुढची सुबत्ता पेलवत नाही.

आठवे वर्ष आम्हास विशेष परिचयाचे. त्याच सुमारास मुले प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकाराच्या शिकवणीस येतात. नागपूरच्या उन्हाळ्यात ती एरवी कूलरपुढून हलत नाहीत! गेल्या वर्षी धर्मग्रामातील एका डॉक्टरांकडून आम्ही या वर्गाची उंची, वजन, कमरेचा घेर व रक्तदाब पाहून घेतला. रक्तदाबास लहान दंडाचा पट्टा लागतो. मोठ्यांच्या पट्ट्याने आकडा फसवा येतो.

एका मातेने मुलास पाठविले नाही. तिचे पती एकेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. "फादर, त्याच्यासमोर बापाच्या दुखण्याचं नाव नका काढू जी," ती म्हणाली. तिची भीती आम्हास पोकळ वाटली नाही. पोराच्या मनात मरणाची सावली कोणती आई पाडील? परंतु काही घराण्यांत वाढीव कोलेस्टेरॉल रक्तातूनच उतरते. आई किंवा वडील यांपैकी एकास तो दोष असल्यास प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. वरून मूल सडसडीत, खेळकर दिसते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांतून हृदयाचे जन्मजात दोष हुडकतात, पण हा दोष रक्त तपासल्यावाचून कळत नाही. कळला तर आहार व औषध यांनी पुष्कळ साधते. मुलास इतकेच सांगावे की सुई टोचेल, असे आम्ही सुचविले.

तीन आठवड्यांनी ती त्याला घेऊन गेली. अहवालात काय निघाले ते त्या घराचे आहे. एवढेही तिच्या संमतीनेच लिहीत आहोत.

आमच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत जन्मतारीख असते, धर्ममातापित्यांची नावे असतात, जन्मवजन नसते. ते रुग्णालयाच्या कार्डावर असते. यंदाच्या वर्गाच्या पालकांस ते कार्ड आणावयास सांगितले आहे. निम्म्यांना अद्याप सापडलेले नाही.