पाकिटावरचा पत्ता

आमच्या नातीची चित्रे म्हणजे घरातला रोजचाच पसारा. त्यामुळे परवा तिने जेवणाच्या टेबलावर जत्रेचे चित्र मांडले, तेव्हा मी वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही. पण पाकिटावर पत्ता घालायला तिने मला बसवले आणि माझा हात थांबला. गाव होते लिदित्से, चेक प्रजासत्ताक.

"बाईंनी स्पर्धेला पाठवायला सांगितलंय. आजोबा, कुठे आहे हे गाव?"

'प्रागपासून वीसेक किलोमीटरवर,' एवढे सांगून सुटता आले असते. पण मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन तिथेच का भरते, हे न सांगता तिचे चित्र धाडणे मला लबाडीचे वाटले.

१९४२ च्या मे महिन्यात प्रागमध्ये हायड्रिश या नाझी अधिकाऱ्यावर हल्ला झाला. जूनमध्ये तो मेला. लिदित्सेचा त्या हल्ल्याशी संबंध कधीच सिद्ध झाला नाही. तरी सूड त्या गावावर उगवला. १० जूनला तिथल्या १७३ पुरुषांना गोळ्या घातल्या, बायकांना छळछावणीत धाडले, घरे जमीनदोस्त केली. पुढे ८२ मुलांना विषारी वायूने मारले. हे शेवटचे मी नातीपाशी गाळले. 'मुले परत आली नाहीत,' एवढेच म्हणालो.

गावाचे नावही उरू द्यायचे नव्हते. पण त्याच वर्षी अमेरिकेतल्या इलिनॉयमधील एका वस्तीने ते नाव घेतले, मेक्सिकोतल्या एकाने आपल्या नावाला जोडले. इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटचे डॉ. बार्नेट स्ट्रॉस यांनी 'लिदित्से जगेल' अशी मोहीम काढली आणि खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून पैसे दिले. युद्धानंतर शेजारीच नवे गाव उभे राहिले. १९५५ साली देशोदेशीच्या गुलाबांची बाग फुलली. मारी उखितिलोव्हा या शिल्पकर्तीने त्या ८२ मुलांचे पुतळे घडवले. १९६७ पासून मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरते. १९७३ पासून जगभरची मुले त्यात भाग घेतात, आपल्याकडचीही.

"मग कोणीच मुलं परत आली नाहीत?"

"सतरा आली. १४३ बायकाही आल्या. पण काही मुलं जर्मन घरांत वाढली होती. ती आपली भाषाच विसरली होती."

"मग आईशी बोलली कशात?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

तिने माझ्या हातातले पेन घेतले. मी एकेक अक्षर सांगत गेलो, ती जपून लिहीत गेली. जे नाव पुसायला सारे सैन्य राबले, ते आमच्या टेबलावर जिलबीएवढ्या गोल अक्षरांत उमटले.

आम्ही दोघे पोस्टात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी पाकीट उलटसुलट करून गावाचे नाव दोनदा विचारले.

तिने दोन्ही वेळा सांगितले.