आऊट काढताना

वडिलांची सायकल विकून टाकावी असे घरात दोनदा ठरले, आणि दोन्ही वेळा आम्हीच तो ठराव मोडीत काढला. पुढे निवृत्तीनंतर गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा तिला विजेची मोटर बसवावी असे मनात आले. मागच्या चाकाच्या मध्यभागी बसणारी, 250 वॉटची, जेवणाच्या थाळीएवढी मोटर आली खरी. पण ती नुसतीच आली. तिच्याभोवती चाक बांधायचे राहिलेच होते.

मोटरची रचना मोठी गमतीची. तिचा आस जागचा हलत नाही. तांब्याची वेटोळी त्याला घट्ट बसवलेली असतात आणि चुंबक लावलेले कवच त्यांच्याभोवती फिरते. कवचाच्या दोन्ही कडांना मिळून 36 भोके. तितक्याच तारांनी ते रिमला जोडायचे. बैलगाडीच्या चाकात तुंब्यावरचा भार खालच्या आऱ्यांवर उभा राहतो. सायकलच्या तारेला असे उभे राहता येत नाही. दाबली की ती वाकते. म्हणून प्रत्येक तार आधीच ओढून ठेवायची, सुमारे 100 किलोंच्या ताणाने. भार आला की खालच्या तारांचा ताण थोडा उतरतो, आणि त्या उतरण्यातूनच भार पेलला जातो. तार पूर्ण सैल पडली की मात्र चाकाचा जीव गेला.

पेठेच्या कोपऱ्यावर अण्णांचे दुकान आहे. वडिलांच्या वेळेपासून ही सायकल त्यांच्याच हाताखालची. मोटर त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "सर, तारा एकदाच क्रॉस करू. तीनदा घातल्या तर रिमपाशी वाकतील."

आम्ही वाचून गेलो होतो. 36 तारांच्या चाकात तीन क्रॉस, हा नियम आम्ही चार ठिकाणी पाहिला होता. 1874 साली जेम्स स्टार्ली यांनी स्पर्शरेषेच्या दिशेने तारा बसवण्याचे पेटंट घेतले इथपासून आम्ही अण्णांना सांगितले. जाड, 12 नंबरच्या ताराही आम्हीच आणल्या होत्या. जाड म्हणजे मजबूत, ही आमची समजूत. "पुस्तकात तसे आहे, अण्णा," असे म्हणून आम्ही समारोप केला. अण्णा क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे, सर." आणि त्यांनी चाक आम्ही सांगितले तसे बांधून दिले.

तीन आठवड्यांनी घाटाच्या चढावर टणकन आवाज झाला. थोड्या वेळाने दुसरा. तारा निपलच्या तोंडाशी तुटल्या होत्या, नेमक्या अण्णा म्हणाले होते तिथे. मोटर चार किलोंची, सायकल लोखंडी. घरापर्यंत ती ढकलत आणताना विचार करायला पुरेसा वेळ मिळाला.

हिशेब खरे तर कागदावर मांडता येण्याजोगा होता. साध्या सायकलचा हब मुठीत मावतो. त्यावर तीन क्रॉस घातले तरी तार रिममध्ये जाताना जेमतेम 4 अंशांनी कलते. थाळीएवढ्या कवचावर तोच नियम लावला की हा कल 18 अंशांच्या घरात जातो, आणि निपलपाशी तारेला कायमचा बाक येतो. एक क्रॉस घातला तर तो निम्म्यावर येतो. तीन क्रॉस कशासाठी, तर फिरवणारा जोर नीट पोचावा म्हणून. आणि कवच मोठे असल्यामुळे ते काम एका क्रॉसमध्येच अधिक चांगले होते. आम्ही नियम वाचला होता. त्याचे कारण वाचले नव्हते. जाड तारेचेही तेच. बारीक तार तेवढ्याच ताणाला अधिक लांबते, म्हणून भाराखाली सहजी सैल पडत नाही. हे जॉब्स्ट ब्रँट यांच्या 1981 सालच्या 'द बायसिकल व्हील' या पुस्तकातही आहे. तेव्हा दोष पुस्तकांचा नव्हता, वाचणाऱ्याचा होता.

आठ दिवस दुकानाकडे जाण्याचे धैर्य झाले नाही. गेलो तेव्हा अण्णांनी एवढेच विचारले, "किती गेल्या?"

नव्या तारा 14 नंबरच्या, आधीच्यांपेक्षा पाच सेंटीमीटरहून अधिक आखूड. एका क्रॉसने चाक बांधून झाल्यावर अण्णांनी निपल फिरवायची चावी आमच्या हातात दिली आणि म्हणाले, "आऊट तुम्ही काढा." सांगाड्याला टेकवून खडू धरायचा आणि चाक फिरवायचे, रिम जिथे बाहेर येते तिथे पांढरी खूण उमटते. त्या जागी समोरच्या बाजूची तार पाव फेरा आवळायची, या बाजूची तेवढीच सैल करायची. आम्ही पहिल्याच खुणेला पूर्ण फेरा दिला. ती जागा सरळ झाली आणि शेजारी दोन नवे बाक आले. "एका जागेचं भांडण तिथंच मिटत नाही, सर. सगळ्यांना थोडं थोडं सांगावं लागतं." मग त्यांनी रेडिओ बंद केला आणि एकेक तार बोटाने छेडून दाखवली. एका बाजूच्या साऱ्या तारांचा सूर जुळला की ताण सारखा. तंबोरा लावायला बसावे तशी ती दुपार गेली.

त्या दुपारी आम्हाला एक विद्यार्थिनी आठवली. जात्यावरच्या ओव्यांवर तिने प्रबंधिका लिहिली होती. एका ओवीत तिच्या आजीच्या तोंडचा शब्द आणि छापील संग्रहातला शब्द वेगळे होते. तिने आजीचा शब्द ठेवला होता. आम्ही लाल शाईने तो खोडून छापील शब्द घातला. तिने काही सांगायला तोंड उघडले, तेव्हा आम्ही म्हणालो, "ग्रंथात तसे आहे." तीही क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली होती. मग म्हणाली होती, "ठीक आहे, सर."

ती संमती आहे असे आम्ही इतकी वर्षे समजत होतो. अण्णांच्या तोंडून तेच शब्द ऐकूनही आम्हाला ते कळले नाही. त्यासाठी तारा तुटाव्या लागल्या. प्रबंधिका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे, छापील शब्दासह. तिथे काही तुटले नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही आले नाही.

चाक आता सरळ चालते. पहिल्या फेरीला तारा थोड्या कुरकुरल्या. त्या जागेवर बसतात तेव्हा तसे होतेच, असे अण्णा म्हणाले. आजीचा शब्द मात्र आठवत नाही. परवा ग्रंथालयात जाऊन ते पान पाहून आलो. तिथे आमचाच शब्द आहे.