हाली की कलदार

भाचीचा फोन आला. ती इंग्लंडात, डेव्हन परगण्यात शिकायला आहे. म्हणाली, "मामा, मला एक शिक्का पाठव ना." मला वाटलं, कुठल्या तरी दाखल्यावर गोल शिक्का मारायचा राहिला असेल. आपल्याकडं माणसाचा जन्म, रहिवास, उत्पन्न, सगळं त्या गोलात आल्याशिवाय खरं ठरत नाही. पण तिला हवा होता तो कुठल्या कचेरीचा नव्हता. तिला तिचा स्वतःचा शिक्का हवा होता.

तिकडं डार्टमूर नावाचं मोठं माळरान आहे. गवत, दलदल, मधूनच ग्रॅनाइटचे सुळके. त्या माळावर लोक दगडांच्या फटीत डबे लपवतात. डब्यात एक वही आणि एक शिक्का. खाणाखुणांवरून, होकायंत्र घेऊन डबा हुडकायचा, त्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का तिथल्या वहीत मारायचा आणि डबा होता तसा सारून द्यायचा. बक्षीस नाही, काही नाही. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं क्रॅनमियर पूल या आडजागी एक बाटली ठेवली होती, येणाऱ्यानं आपल्या नावाचं कार्ड टाकावं म्हणून. पुढं लोक पत्ता लिहिलेली कार्डं तिथं ठेवू लागले आणि मागून येणाऱ्यानं ती नेऊन टपालात टाकायची अशी रीत पडली. म्हणून त्या डब्याचं नाव लेटरबॉक्स.

"दुकानातून करून घेऊ की हातानं कोरू?" मी विचारलं. ती हसली. हा वाद तिकडंही आहेच म्हणे. कुणी चित्र नेऊन देतात आणि दुकानातून रबराचा शिक्का पाडून आणतात. १९९८ नंतर हा छंद अमेरिकेत पसरला, तिथं मात्र हातानं कोरलेल्याचाच मान मोठा.

हाली की कलदार, असं माझ्या मनात आलं. आमच्या आजोबांच्या पिढीत हा रोजच्या व्यवहारातला प्रश्न होता. आमचं उमरगा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. निजामाचा रुपया हाली, इंग्रजांचा कलदार. सात हालींना साधारण सहा कलदार मिळत. कल म्हणजे यंत्र, कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेला. हैदराबादच्या टाकसाळीत एकोणिसावं शतक सरेपर्यंत रुपया हातोड्याच्या घावानं पाडत. ठसा मोठा, चकती लहान. अख्खा मजकूर एका नाण्यावर मावायचाच नाही. कुणाच्या वाट्याला नावाचा शेपटा यायचा, कुणाच्या वाट्याला सालाचे दोन आकडे. पुरता ठसा वाचायचा तर चारपाच नाणी शेजारी मांडावी लागत. पुढं चारमिनारचं नाणं यंत्रावरच निघू लागलं, गोल गरगरीत. तरी नाव हालीच राहिलं आणि कमी भावही राहिला. म्हणजे हाताचं की यंत्राचं यावर भाव ठरत नव्हता, हे हातकामाचे गोडवे गाताना मी विसरत नाही.

तरीही मी खोडरबर आणि अर्धं ब्लेड घेऊन बसलो. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. भेंडीचे, बटाट्याचे ठसे किती वर्गांकडून करून घेतले याची गणती नाही. (भेंडीचं मला फार कौतुक. आडवी कापली की पाच कोनांचं फूल तयार; ते कुणी कोरलेलंही नाही आणि विकत आणलेलंही नाही.) एवढं असून पहिल्या रबरावर 'उमरगा' सुलटं कोरलं. उमटलं तेव्हा काना सगळ्यांत आधी आणि 'उ' शेवटी पाठ फिरवून उभा. पोरांना हीच चूक दाखवून हसणारा मी! दुसऱ्या रबरावर अक्षरांच्या नादी लागलोच नाही. ज्वारीचं कणीस कोरायला घेतलं. शेवटाला ब्लेड घसरलं आणि एका अंगाचे तीन दाणे गेले.

बायको शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "दुकानातनंच करा की. पावलंसुद्धा आता दुकानातनंच येतात." तिचा टोमणा कुणाला होता ते मला कळलं. भाद्रपदात आमच्याकडं महालक्ष्म्या बसतात. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत त्यांची पावलं काढायची ती मुठीनं. तांदळाच्या पिठाचं पाणी, मुठीची करंगळीकडची बाजू त्यात बुडवून टेकवायची, वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके. उजव्या मुठीचा उजवा पाय उमटतो, डाव्या मुठीचा डावा, म्हणजे लक्ष्मी एकेक पाऊल टाकत घरात येते. गेल्या वर्षी सुनेनं चिकटवायची पावलं आणली. लालचुटूक, सोनेरी काठाची, दिसायला देखणी. पण दोन्ही पाय एका चौकटीत जोडून छापलेले. बायको म्हणाली, "लक्ष्मी चिमणीसारखी उड्या मारत आली गं बाई!" सून बिचारी नोकरी सांभाळून सगळं करते, तिनं ते हसण्यावारी नेलं. पण पाठीमागं नातीनं आपली इवली मूठ पिठात बुडवली आणि त्या स्टिकरांच्या रांगेशेजारून एक वेगळी रांग थेट स्वयंपाकघरात नेली. त्या वर्षी आमच्या घरी दोन लक्ष्म्या दोन मापांच्या आल्या. पिठाची पावलं सकाळपर्यंत मुंग्यांनी नेली. स्टिकर अजून उंबऱ्याजवळ आहेत, एकाची टाच उडालीय.

दुकानाच्या शिक्क्यालाही त्याची बाजू आहे. तलाठ्याच्या कागदावर हातानं कोरलेला, कडेला तीन दाणे गळालेला शिक्का असता तर कुणी विश्वास ठेवला असता? माणूस बदलून जातो, शिक्का टेबलावर राहतो. तो कुणा एकाचा नाही यातच त्याचा खरेपणा. जुन्या मराठी पत्रात वर शिक्का असायचा आणि मजकूर संपला तिथं मोर्तब, खाली कुणी चार अक्षरं घुसडू नयेत म्हणून. तिथं हाताच्या लहरीला वाव नको. माळावरच्या वहीत मात्र उलटं. तिथं कुणी काही सिद्ध करत नसतो. मी पावसात चालत इथवर आलो, एवढंच सांगायचं असतं. आणि ते दुसऱ्या कुणासारखं दिसून कसं चालेल?

रबराला लाकडी मूठ हवी होती म्हणून कचेरीच्या रस्त्यावरच्या शिक्क्याच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा. पूर्वी एकेक टाइप जुळवून, साचा काढून, रबर तापवून दाबायचा. आता मुलगा कॉम्प्युटरवर अक्षरं टाकतो आणि अर्ध्या तासात शिक्का हातात. म्हाताऱ्यानं माझं खोडरबर चष्म्याजवळ धरलं.

"काय करायलाव सर ह्याचं?"

मी सगळं सांगितलं. डबे, माळ, भाची. तो मान हलवत होता, पण नजर रबरावरच.

"हितं पाखरू बसलं होतं व्हय?" गळालेल्या दाण्यांवर नख ठेवून त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "ब्लेड घसरलं."

"ऱ्हाऊ द्या. कणसावर पाखरू बसतंयच." खणातून एक जुनी मूठ काढली. हाताच्या घामानं काळी पडलेली. एक बारीक पातं घेऊन त्यानं रबराची कड तेवढी तासली, दाण्यांना हात लावला नाही. मग मुठीवर चिकटवून, शाईच्या पॅडवर टेकवून, आपल्या बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर कणीस उमटवलं. बराच वेळ बघितलं.

मी पैसे काढले. त्यानं ते परत सरकवले, बिलबुक पुढं ओढलं, शेजारचा तयार शिक्का उचलला आणि खाडकन मारला: 'रोख मिळाले'.