लिहावेसे वाटते, पण…

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा उशीखाली एक वही असेल. तिची पहिली चार-सहा पाने सुवाच्य अक्षरांत भरलेली असतील, पुढे थोडी खाडाखोड असेल आणि त्यानंतर सारी पाने कोरी असतील. निवृत्तीनंतर, जोडीदाराच्या निधनानंतर किंवा नातवंडे परगावी गेल्यावर ही वही मोठ्या हौसेने उघडलेली असते. आणि एके दिवशी ‘हे कोण वाचणार?’ असे मनात येऊन ती निमूटपणे मिटलेली असते. त्या कोऱ्या पानांविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबाग आणि मुरूड यांच्या दरम्यानच्या एका गावात मी गेली सत्तावीस वर्षे दवाखाना चालवते. रक्तदाब तपासून होतो, गोळ्यांच्या वेळा सांगून होतात, तरी एखादे आजोबा किंवा एखाद्या काकू उठत नाहीत. पिशवी सावरता सावरता म्हणतात, “डॉक्टरीणबाई, थोडे लिहावेसे वाटते, पण…” त्या ‘पण’पुढे बहुधा तीनपैकी एक वाक्य येते. मला शुद्ध कुठे लिहिता येते? माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखे आहे तरी काय? आणि आता या वयात कसले लेखन?

हा ‘पण’ मलाही चांगला परिचयाचा आहे. चाळिशीत मी एका मासिकाकडे माझा पहिला लेख पाठविला होता. तीन महिन्यांनी तो परत आला. सोबत एकच ओळ होती: लेखनात विशेष काही आढळले नाही. पुढची दोन वर्षे औषधांच्या चिठ्ठ्यांपलीकडे मी काहीही लिहिले नाही. पुन्हा लिहू लागले, ते आत्मविश्वास परतला म्हणून नव्हे, तर एका काकूंची वही हातात पडली म्हणून. त्यांची संमती घेऊन आणि ओळख पटणार नाही अशा बेताने ती हकिकत सांगते.

काकूंचे वय तेव्हा अडुसष्ट होते. त्यांच्या यजमानांना कंपवात होऊन नऊ वर्षे झाली होती. गोळी कधी दिली, किती वेळाने हात सैल झाला, कंप पुन्हा केव्हा वाढला, याची नोंद त्या एका वहीत ठेवीत. ती नोंद इतकी नेटकी होती, की तज्ज्ञांनी तिच्याच आधारे गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या. एकदा ती चाळताना वहीची मागची बाजू उघडली गेली. तेथे आकडे नव्हते. ‘आज यांनी दोन्ही हातांनी कप धरून चहा स्वतः संपविला. सांडला फक्त बशीभर.’ आणि त्याखाली, दुसऱ्या तारखेला: ‘रात्री मला आईच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली.’

“काकू, हे फार चांगले लेखन आहे,” मी म्हणाले. त्यांनी घाईघाईने वही मिटली. “छे हो, हे कसले लेखन! धाकट्या जावेसाठी लिहून ठेवते. तिच्याही घरी आता हेच सुरू झाले आहे. तिला थोडा आधार वाटेल.”

त्या उत्तरावर मी पुष्कळ दिवस विचार केला. जावेला सांगायचे ते सांगताना काकूंना ना ऱ्हस्व-दीर्घाची आठवण झाली होती, ना आपल्या योग्यतेची. मी ‘लेखन’ हा शब्द उच्चारला आणि त्याच क्षणी त्या संकोचल्या. कारण त्या शब्दाबरोबर समोर एक अनोळखी परीक्षक येऊन बसला. आपली शंका बहुतेक वेळा आपल्या कुवतीविषयी नसतेच. ती या न पाहिलेल्या परीक्षकाविषयी असते. त्याला उठवून त्या जागी एखादे ओळखीचे, गरजवंत माणूस बसविले, की हात चालू लागतो. शंका पूर्णपणे जात नाही, पण ती मागच्या बाकावर जाऊन बसते. माझे सांगणे एवढेच आहे. आता त्या तीन वाक्यांकडे वळू.

पहिली शंका शुद्धतेची. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण येथे आठवावे. १८६८ साली जन्मलेल्या या बाईंनी शाळेची पायरी चढलेली नव्हती. लिहिणे-वाचणे शिकल्या त्या लग्नानंतर, पती ना. वा. टिळक यांच्याकडून. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग पुस्तकरूपाने आला १९३४ मध्ये, म्हणजे त्यांच्या वयाच्या सहासष्टाव्या वर्षी; आणि १९३६ मध्ये त्या निवर्तल्या. वडिलांचे पराकोटीचे सोवळे, संसारातील फजित्या, पतीच्या धर्मांतरामुळे झालेली ताटातूट हे सारे त्यांनी घरात बोलावे तशा भाषेत आणि स्वतःवर हसत हसत सांगितले आहे. आज मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत या पुस्तकाची गणना होते. विद्वानांसारखे लिहिण्याचा प्रयत्न त्यांनी केला असता, तर कदाचित आपल्यापर्यंत काहीच पोहोचले नसते. तेव्हा तुम्ही आगरी बोलत असाल, कोळी बोलत असाल किंवा घरातली साधी बोली, त्याच बोलीत लिहा. शुद्धलेखन नंतर कोणीही तपासून देईल. तुमचे बोलणे मात्र दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही.

दुसरी शंका, ‘माझ्याकडे आहे काय?’ अलिबागहून रेवदंड्याकडे निघाले, की वाटेत आक्षी गाव लागते. तेथील शिलालेख मराठीतील अगदी आरंभीच्या कोरीव लेखांपैकी मानला जातो. अनेक अभ्यासक त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा धरतात. त्यात ना काव्य आहे, ना कथा. शिलाहारांच्या राजवटीतील एका दानाची ती व्यावहारिक नोंद आहे. कोरणाऱ्याने त्या दिवशीचे काम केले. हजार वर्षांनी तेच आपल्या भाषेचे धन ठरले.

आता तुमच्याकडे काय आहे, ते पाहा. आपल्याच जिल्ह्यात चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी खोतीविरुद्ध १९३३ पासून सुमारे सहा वर्षे जमीन न कसता संप चालविला. त्याचा इतिहास नारायण नागू पाटलांच्या नावाने नोंदलेला आहे. परंतु त्या सहा वर्षांत तुमच्या आजीने चूल कशाच्या बळावर पेटती ठेवली, हे तुम्ही तिच्या तोंडून ऐकले असेल, तर ते कोणत्या ग्रंथात सापडणार? ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. वडिलांनी लावलेली पोफळ मोडताना जो आवाज झाला, तो ऐकलेली माणसे आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. वाऱ्यांची कोळी नावे, खारबंदिस्तीची उघाडी केव्हा उघडायची याचे शहाणपण, पांढऱ्या कांद्याची वेणी विणण्याची रीत, हे सारे तुमच्याबरोबर निघून जाऊ द्यायचे का, एवढाच प्रश्न आहे.

तिसरी शंका वयाची. आणि ती पुष्कळदा मनाची नसून शरीराची असते. अक्षरे पुसट दिसत असतील, तर मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्या. संधिवाताने बोटे दुखत असतील, तर जाड मुठीचे पेन, ठळक रेघांची वही आणि वीस मिनिटांनंतर विश्रांती एवढ्यानेही फरक पडतो. हस्ताक्षर हळूहळू बारीक आणि आक्रसलेले होऊ लागले असेल, तर ते कंपवाताचे लक्षण असू शकते; दाखवून घ्या. मात्र काल लिहिता येत होते आणि आज एकाएकी शब्द सुचेनासे झाले, हात लुळा पडला किंवा तोंड वाकडे झाले, तर तो पक्षाघात समजून वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

हाताने लिहिणे जमतच नसेल, तरी वाट बंद होत नाही. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर आणि शेतात त्यांना सुचलेली गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक मावसभाऊ टिपून घेत. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये ती गाणी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाली. आज तुमच्या नातवाच्या मोबाईलमध्ये बोललेले मराठी उमटविण्याची सोय आहे. तुम्ही बोला, टिपून घेणारे हात घरातच आहेत.

लिहिण्याने प्रकृती सुधारते का, असेही मला विचारले जाते. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सँड्रा बील यांच्यासह १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहावयास सांगितले होते. ज्यांनी मनाला लागलेली घटना आणि तिच्याविषयीच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना पुढील सहा महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात कमी वेळा जावे लागले. १९९९ मध्ये दमा आणि आमवाताच्या रुग्णांवर झालेल्या अशाच अभ्यासात चार महिन्यांनंतर काहींची स्थिती सुधारलेली आढळली. पुढील अभ्यासांत सर्वांना सारखा लाभ दिसलेला नाही. म्हणून लेखन हे औषधाला पर्याय नव्हे आणि एकही गोळी त्यासाठी बंद करू नये. शिवाय दुःखद आठवण लिहिल्यावर काही वेळ मन अधिक जड होते. ते स्वाभाविक आहे. फार जड झाले, तर त्या दिवशी वही मिटावी आणि माणसांत जाऊन बसावे.

निरुत्साह आणि आजार यांतील भेदही ओळखला पाहिजे. केवळ लिहिण्यात नव्हे, तर जेवणात, माणसांत, देवपूजेतही दोन आठवड्यांहून अधिक काळ मन लागत नसेल, झोप उडाली असेल, जगणे निरर्थक वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी ‘मला लिहिता येत नाही’ ही तुमची उणीव नसून आजाराचे बोलणे असते. डॉक्टरांना भेटा, टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांकही उपलब्ध आहे. जीवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर एकटे राहू नका. त्याच वेळी घरातल्यांना सांगा.

आता शुश्रूषा करणाऱ्या मुलांना, सुनांना आणि लेकींना दोन शब्द. आजोबा तीच गोष्ट पाचव्यांदा सांगू लागले, की ‘ठाऊक आहे हो’ असे म्हणण्याऐवजी ‘तेव्हा तुमच्या अंगात कोणता सदरा होता?’ असे विचारून पाहा. रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्येच मांडले होते, की वृद्धापकाळी मागे वळून पाहणे हे बुद्धी ढळल्याचे लक्षण नसून आयुष्याचा हिशेब जुळविण्याची नैसर्गिक क्रिया आहे. मात्र विसरभोळेपणा नव्याने वाढला असेल, तर तपासणी अवश्य करावी. वही दाखविली, तर प्रथम चुका काढू नका. त्यातील एक वाक्य मोठ्याने वाचून दाखवा आणि ‘पुढे काय झाले?’ एवढेच म्हणा. आणि तुम्ही स्वतः दिवसभराच्या शुश्रूषेने थकला असाल, तर औषधांच्या नोंदवहीची मागची बाजू तुमचीही आहे.

छापून येण्याविषयी एवढेच सांगते. संपादकाचा नकार हा त्या अंकाविषयीचा निर्णय असतो. तुमच्या आयुष्याविषयीचा नसतो. परत आलेला माझा तो लेख अजूनही कोठे छापलेला नाही. परंतु दम्याच्या रुग्णांना पावसाळ्यात काय सांगावे, हे मी नंतर शेजारच्या एका आजींसाठी लिहिले, आणि ते मात्र पुष्कळांनी वाचले.

तेव्हा आज रात्री जेवणे आटोपल्यावर पंधरा मिनिटे काढा. पानाच्या डोक्यावर ‘माझे आत्मचरित्र’ असे लिहू नका; एका माणसाचे नाव लिहा. पुण्याची नात असो, मुंबईचा धाकटा भाऊ असो किंवा तुमच्यासारखीच उशाशी जागणारी एखादी मैत्रीण असो. नाव लिहून झाले, की पहिली ओळ बहुधा ‘तुला आठवते का’ अशी सुरू होते. ती तशीच सुरू होऊ द्या.